शून्य सापडेना, खापर कुणावर?

सीएनसी मशीनचं फिरतं टेबल एखाद्या सकाळी चुकीच्या जागी थांबतं. जॉब बाद होतो आणि बोट वळतं ते सगळ्यात नवख्या पोराकडे. दोष खरंच कुठे आहे, हे शोधायची एक सोपी रीत आहे. ती जमली तर कॉलेजबाहेरही उपयोगी पडेल.

लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळला असालच. डोळ्यांवर रुमाल बांधून दोन-चार गिरक्या घालायला लावल्या की दार कुठे, खिडकी कुठे, काही म्हणजे काही कळायचं नाही. मग हात पुढे करून चाचपडायचं. एकदा भिंत हाताला लागली की हायसं वाटायचं, कारण तिच्यावरून बाकीच्या खोलीचा अंदाज यायचा.

कारखान्यातलं सीएनसी मशीन रोज सकाळी हाच खेळ खेळतं. बटण दाबून चालू केलं की आपण कुठे उभे आहोत, हे त्याला ठाऊक नसतं. आधी ते आपली भिंत शोधतं, मग कामाला लागतं. या शोधाला म्हणतात 'होमिंग' आणि जी खूण शोधायची, ती दाखवतो 'होम स्विच'.

मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुम्हाला वर्कशॉपच्या तासाला सांगून झालं असेल. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, लगेच पान उलटू नका. यात मशीनइतकीच आपल्याच वयाच्या एका पोराची गोष्ट आहे.

गल्ली आणि घर नंबर

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटर न्यूमेरिकल कंट्रोल, आकड्यांच्या हुकमावर चालणारं मशीन. अमेरिकेतल्या एमआयटीत १९५२ साली असं मिलिंग मशीन चालवून दाखवलं, तेव्हा हे हुकूम भोकं पाडलेल्या पट्टीवरून दिले जायचे. आज भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत चक्कर मारा, शेडच्या आत एखादं तरी सीएनसी गुरगुरत असतंच.

या मशीनच्या सरळ रेषेतल्या तीन दिशा म्हणजे एक्स, वाय आणि झेड. शाळेतला आलेख आठवा, तेच. पण जॉबच्या चारही बाजूंना भोकं पाडायची असतील तर तो फिरवायला नको का? त्यासाठी मशीनवर एक फिरतं टेबल बसवतात. एक्सभोवती फिरणाऱ्या दिशेला 'ए' म्हणतात, वायभोवती फिरणारी 'बी' आणि झेडभोवती फिरणारी 'सी'. कारखान्यात एवढं अक्षरांचं कौतुक कुणी करत नाही. तिथे सरळ 'रोटरी' किंवा 'फोर्थ अ‍ॅक्सिस' म्हणतात.

टेबल फिरवणाऱ्या मोटरच्या मागे एन्कोडर असतो. मोटर किती फिरली, हे तो मोजतो. साधा, म्हणजे इन्क्रिमेंटल एन्कोडर असेल तर वीज गेली की त्याचा हिशेब पुसला जातो. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर जागा लक्षात ठेवतो, त्यामुळे तिथे रोजची शोधाशोध लागत नाही. पण इन्क्रिमेंटलवर चालणारी मशीन आजही भरपूर आहेत.

अशा मशीनवर होमिंग होतं कसं? टेबल फिरायला लागतं. त्याच्या कडेला लोखंडाचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो, त्याला म्हणतात 'डॉग'. हा डॉग सेन्सरसमोर आला की टेबलाचा वेग कमी होतो. डॉग सेन्सरसमोरून सरकून गेला की कंट्रोलर एन्कोडरच्या मार्करची वाट बघतो. मोटरच्या प्रत्येक फेऱ्यात हा मार्कर फक्त एकदा येतो. पुढचा मार्कर आला की टेबल थांबतं आणि स्क्रीनवर शून्य उमटतं. थोडक्यात, सेन्सर गल्ली दाखवतो आणि मार्कर घर नंबर. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड इथेच आहे.

आता गोल टेबलाची खास अडचण बघा. सरळ जाणाऱ्या अ‍ॅक्सिसला होम सापडलं नाही, तर तो जाऊन जाऊन टोकापर्यंत जाईल आणि तिथला लिमिट स्विच त्याला अडवेल. गोल टेबलाला टोकच नाही. कंट्रोलरने अलार्म देऊन थांबवलं नाही तर ते देवळाभोवती प्रदक्षिणा घालावी तसं फिरतच राहील. त्यावर हायड्रॉलिक होज किंवा वायरी जोडलेल्या असतील तर त्या गुंडाळल्या जाऊन तुटणार.

'प्रॉक्सी गेली, बदलून टाक'

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी वही-पेन घेऊन गेले होते ते आयटीआयनंतरच्या नोकऱ्यांवर लिहायला. तिथे वेगळीच गडबड चालू होती. एका ट्रेनीला मशीनवरून बाजूला केलं होतं. आयटीआय होऊन आलेला, जेमतेम विशीचा मुलगा. त्याच्या शिफ्टला तीन जॉब बाद झाले होते. भोकं पडली होती, पण जिथे पडायला हवीत तिथून जवळपास ७ मिलिमीटर सरकून. सुपरवायझरचं म्हणणं, पोराने जॉब फिक्स्चरवर बसवताना लोकेटिंग पिन नीट बसवली नाही. रिजेक्शन कार्डावर कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटर' असं लिहूनही झालं होतं. पोरगा एवढंच म्हणत होता, "मी पिन बसवली होती." त्याला मशीनवर परत कधी उभं करणार, हे कुणी सांगत नव्हतं.

मेंटेनन्सच्या काकांनी मात्र विचारलं, "मागच्या आठवड्यात या रोटरीला काय काय केलं होतं?"

झालं होतं ते असं. आठवड्यापूर्वी टेबलाला होम सापडेना. अलार्म यायचा. कुणीतरी म्हणालं, "प्रॉक्सी गेली, बदलून टाक." ही प्रॉक्सी म्हणजे आपण लेक्चरला मारतो ती नव्हे हं! प्रॉक्सिमिटी सेन्सरचं हे कारखान्यातलं लाडकं नाव. धातू जवळ आला की न शिवता ओळखणारा हा सेन्सर. साध्या १२ मिलिमीटर जाडीच्या प्रॉक्सीची पोच असते साधारण २ ते ४ मिलिमीटर, तीसुद्धा पोलादासमोर. अ‍ॅल्युमिनियमसमोर ती निम्म्याहूनही कमी होऊ शकते.

तर स्टोअरमधून नवी प्रॉक्सी आली, बसवली, मशीन चालू झालं. सगळे खूश. दुपारी पुन्हा तोच अलार्म. तेव्हा काकांना बोलावलं.

दोन प्रश्न, चार उत्तरं

काकांची पद्धत त्यांच्याच तोंडून ऐकली. ते म्हणाले, "दोष कुठे आहे ते मी शोधत नाही. कुठे नाही ते आधी बघतो. मग राहील तिथे तो असतो."

डॉग, सेन्सर, केबल, पॅनलमधलं टर्मिनल आणि शेवटी कंट्रोलर. ही एक साखळी आहे. साखळीची प्रत्येक कडी तपासत बसण्यापेक्षा मधोमध हात घालायचा. काका टेबल थांबलेलं असताना स्टीलची पट्टी सेन्सरसमोर धरतात आणि दोन गोष्टी बघतात. सेन्सरवरचा बारका दिवा बदलतो का? आणि कंट्रोलरच्या डायग्नोस्टिक स्क्रीनवर त्या इनपुटचा आकडा शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो का?

दिवा बदलतो आणि स्क्रीनही बदलते: मग सेन्सर, वायर आणि इनपुट या तिघांना क्लीन चिट. आता डॉग सैल झालाय का, सेन्सर आणि डॉगमधलं अंतर वाढलंय का, होमिंगची सेटिंग कुणी बदललीय का, ते बघायचं.

दिवा बदलतो, पण स्क्रीन ढिम्म: सेन्सर आपलं काम करतोय, निरोप वाटेत हरवतोय. केबल किंवा टर्मिनल बघायचं. नुकताच सेन्सर बदलला असेल तर तो चुकीच्या जातीचा तर नाही ना, हेही. प्रॉक्सी पीएनपी आणि एनपीएन अशा दोन प्रकारच्या येतात. पहिली 'धातू दिसला' हे काळ्या वायरवर २४ व्होल्ट देऊन सांगते, दुसरी तीच वायर शून्याकडे ओढून. दिसायला जुळ्या बहिणी, भाषा उलटी.

दिवा लागतच नाही: मल्टिमीटरने तपकिरी आणि निळ्या वायरमध्ये २४ व्होल्ट आहेत का बघायचं. व्होल्टेज आहे, तरी अगदी जवळ पट्टी धरूनही दिवा लागत नाही, तर सेन्सर गेला. व्होल्टेजच नाही, तर सेन्सर बिचारा उपाशी आहे, त्याला कशाला बदलता? फ्यूज किंवा सप्लाय शोधा.

आणि चौथं, दिवा कायमचा लागलेला: आधी सेन्सरचं तोंड पुसा. तिथे धातूचा कीस चिकटून बसला तर सेन्सरला वाटतं डॉग समोरच उभा आहे. टेबल मग डॉगपासून लांब जायला बघतं, पण सुटका होत नाही, आणि अलार्म येतो.

भोसरीच्या टेबलाचं उत्तर दुसऱ्या प्रकारचं निघालं. दिवा छान लागत होता, स्क्रीन हलत नव्हती. काकांनी मशीनची वीज बंद केली, केबल दोन्ही टोकांना सोडवली, मल्टिमीटर लावला आणि केबल हळूहळू वाकवत गेले. टेबलाच्या मागच्या वळणावर मीटरचा आवाज तुटला. वरचं आवरण शाबूत, आतली तांब्याची तार मोडलेली. सेन्सर बदलताना केबल हलली, तुटकी टोकं तात्पुरती जुळली, म्हणून अर्धा दिवस सगळं ठीक वाटलं. म्हणजे जो भाग बदलला, तो मुळात चांगला होता!

केबल बदलली, होम सापडायला लागलं. आणि पुढच्या आठवड्यात ते तीन जॉब बाद झाले.

४ अंशांचं कोडं

काकांनी बाद झालेला जॉब हातात घेतला. भोकं मध्यापासून १०० मिलिमीटरवर होती आणि सरकली होती ७ मिलिमीटरला जरासं कमी. अंशात मांडलं तर बरोबर ४ अंश. तिन्ही जॉबवर तेवढंच.

आता तुम्हीच विचार करा. पिन नीट न बसल्यामुळे जॉब सरकला असता तर तो तिन्ही वेळा अगदी तेवढाच सरकला असता का? एकदा कमी, एकदा जास्त झालं असतं. माणसाच्या हातून चुका होतात, पण इतक्या मोजूनमापून होत नाहीत.

काकांनी टेबलाची पाटी दाखवली. गिअरचं प्रमाण ९० ला १. मोटर ९० वेळा फिरते तेव्हा टेबलाचा एक फेरा पूर्ण होतो. ३६० भागिले ९०, उत्तर ४. मोटरचा एक फेरा म्हणजे टेबलाचे ४ अंश! गल्ली आणि घर नंबर आठवले? टेबल बरोबर गल्लीत येत होतं, पण कधी कधी एक घर सोडून पुढच्या दारात थांबत होतं.

असं का व्हावं? नवी प्रॉक्सी घाईत बसवताना ती जुन्या जागेपेक्षा किंचित सरकली होती. त्यामुळे डॉग सुटण्याचा क्षण आणि मार्कर येण्याचा क्षण जवळजवळ एकाच वेळी यायला लागले. सेन्सर नेमक्या कुठल्या बिंदूला बदलेल, यात तापमानाने थोडा फरक पडतोच. डॉग मार्करच्या जरा आधी सुटला की तोच मार्कर पकडला जायचा, शून्य बरोबर. जरा नंतर सुटला की तो मार्कर हुकायचा आणि टेबल मोटरचा आणखी एक फेरा मारून पुढच्या मार्करवर थांबायचं. स्टेशनवर पोहोचायला अर्धा मिनिट उशीर झाला की गाडी अर्ध्या मिनिटाने उशिरा मिळत नाही, पुढचीच मिळते. अगदी तसंच.

पण नुसत्या तर्कावर कार्ड बदलत नाहीत. काकांनी टेबलाच्या कडेवर आणि बाजूच्या स्थिर भागावर मार्कर पेनाने एका रेषेत खूण केली. मशीन बंद, चालू, होम. पुन्हा बंद, चालू, होम. असं दहा वेळा. प्रत्येक वेळचा निकाल ट्रेनीला वहीत लिहायला लावला. आठ वेळा खुणा जुळल्या, दोनदा सरकल्या. सरकल्या तेव्हा टेबल हळूहळू मागे फिरवून खुणा जुळवल्या आणि स्क्रीनवरचा आकडा वाचला. दोन्ही वेळा ४.

उपाय अगदीच साधा निघाला. डॉग टेबलावर २ अंश सरकवायचा, म्हणजे मोटरचा अर्धा फेरा. मग डॉग सुटतो दोन मार्करच्या बरोबर मध्ये, आणि थोडाफार मागेपुढे झालं तरी घर चुकत नाही. सरकवल्यावर पुन्हा दहा वेळा होमिंग, पुन्हा वही. दहाच्या दहा जुळले. मग डायल लावून फिक्स्चरचं शून्य पुन्हा तपासलं, कारण डॉग हलवला की शून्यही बदललं असू शकतं.

सुपरवायझर आले, वही बघितली. "ठीक आहे, लाव मशीन," एवढंच म्हणाले. सॉरी वगैरे कुणी म्हणालं नाही. पण कार्डावरचा 'ऑपरेटर' शब्द खोडून तिथे 'होम डॉग' लिहिलं गेलं आणि पोरगा पुन्हा मशीनवर उभा राहिला.

आकडा बोलतो, ऐका

या प्रकारातून मला समजलेली गोष्ट ही, की चूक कशी होते हे नीट बघितलं तर ती आपला पत्ता स्वतः सांगते. टेबल दर वेळी वाट्टेल त्या कोनात थांबत असेल, तर वेगळा संशय. कदाचित मोटरच्या जाड केबलशेजारून सेन्सरची वायर नेली असेल आणि विजेच्या गोंगाटामुळे खोटा इशारा मिळत असेल. वायर वेगळ्या वाटेने न्यायची, शील्ड असलेली वापरायची. होम बरोबर सापडतं, पण काम करता करता कोन हळूहळू बिघडतो? मग होम स्विचच्या नादी लागू नका, कपलिंग सैल आहे का बघा. आणि चूक नेहमी मोटरच्या पूर्ण फेऱ्याइतकी असेल, तर ते आपलं ४ अंशांचं प्रकरण. दुसऱ्या टेबलाचं गिअर प्रमाण वेगळं असेल तर आकडा वेगळा येईल, भागाकार तोच.

बघा ना, या सगळ्यात महागडं उपकरण कुठलं लागलं? एक मल्टिमीटर, स्टीलची पट्टी, मार्कर पेन आणि वही. बाकी लागला तो धीर. 'बदलून टाक' म्हणायला दोन सेकंद लागतात आणि काहीतरी केल्याचं समाधानही मिळतं. पण कारण न शोधता बदललेल्या भागाने इथे जुना दोष तसाच ठेवला आणि वर नवा आणून बसवला. आणि दोष सापडत नाही तेव्हा त्याच्या जागी माणूस उभा केला जातो, बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर. उद्या पहिल्या नोकरीत तो ज्युनिअर तुम्ही असाल. तेव्हा 'मी नाही केलं' यापेक्षा 'दहा वेळा तपासलं, हे आकडे' हे वाक्य जास्त कामाला येईल.

हात साफ करायला कारखान्यातच जायला हवं असं नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असेल तर तो चालू करून बघा. तोही प्रिंट सुरू करण्याआधी कोपऱ्यात जाऊन स्विचला टेकतो, तेच त्याचं होमिंग. लॅबवाल्या सरांना विचारून, मोटर बंद असताना तो स्विच बोटाने दाबा आणि स्क्रीनवर इनपुट बदलतो का पाहा. लिनक्ससीएनसी हे मोफत सॉफ्टवेअर मशीनशिवाय, नुसत्या कॉम्प्युटरवर सिम्युलेशनमध्ये चालतं. होम न करता प्रोग्राम चालवायला गेलात तर ते कसं अडवतं, ते एकदा अनुभवा.

चौकट: हात लावण्याआधी

• होमिंग चालू असताना टेबलाजवळ हात, पट्टी, ओढणी, काहीही नेऊ नका. स्विच खराब असलेलं टेबल कधी थांबेल याचा भरवसा नसतो.

• इमर्जन्सी स्टॉप दाबला म्हणजे पॅनलमधली सगळी वीज गेली, असं नाही. आत ४१५ व्होल्टही असू शकतात. पॅनल उघडायचं काम शिकलेल्या माणसाचं. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, मगच वायर सोडवा.

• एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर दोष कशाने गेला, ते कळणार नाही.

• बदलण्याआधी जुन्या जागेची खूण करा, फोटो काढा. भोसरीत सेन्सर बदलताना एवढं केलं असतं, तर ते तीन जॉब वाचले असते.